श्रमाचा शीण आणि घरचे फळ

मृगाचा पाऊस पडून गेला, तरवा हाताशी आला आणि मळ्यात पाणी उभे राहिले, म्हणजे कोकणातील शेतकरी कुटुंबाच्या वर्षातील सर्वांत कष्टाचे दिवस सुरू होतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भाताची लावणी या पावसातच आणि ठराविक दिवसांतच उरकावी लागते. चिखलणी करणारा पुरुष आणि कंबरेत वाकून दिवसभर तरवा लावणारी स्त्री यांना त्या काळात विश्रांती अशी मिळत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतच मांड्या, कंबर व पाठ ठणकू लागते. चौथ्या दिवशी एखादी बाई घरी राहते, आणि माणूसबळ कमी पडल्यामुळे लावणी लांबते. लावणी लांबली की उत्पन्न घटते. तेव्हा शरीराचा शीण लवकर कसा भरून निघेल, हा प्रश्न केवळ आरोग्याचा नसून शेतीचाही आहे.

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणास जाणारा फाटा जेथे फुटतो, ते कुडाळ तालुक्यातील कसाल हे गाव या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. या परिसरात सखल भागात भातशेती आणि वरकस जमिनीत काजू, आंबा, फणस व रातांब्याची झाडे असा नेहमीचा देखावा आढळतो. शरीराचा शीण भरून काढण्यास ज्या वस्तू उपयोगी पडतात, त्यांपैकी बऱ्याच या झाडांवर लागतात. मात्र ही फळे लावणीपूर्वी पिकतात आणि पाऊस लागताच नासून जातात. फळ आधी येते व श्रम मागाहून येतात. म्हणून फळ टिकविण्याची कला ज्या घरी आहे, त्या घरी त्याचा खरा लाभ होतो.

श्रमाने शरीरात काय घडते

दीर्घकाळ श्रम केले असता शरीरात मुख्यतः तीन गोष्टींचा तोटा होतो.

पहिली गोष्ट पाणी व मीठ. उन्हात अगर दमट हवेत कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटर अथवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. एक लिटर घामाबरोबर साधारणतः अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम बाहेर पडते. शरीराच्या वजनाच्या २ टक्के पाणी कमी झाले, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाचे सव्वा लिटरच्या आसपास पाणी गेले, की कामाचा उरक कमी होऊ लागतो. पावसात भिजत काम करणाऱ्यास घाम आल्याचे कळत नाही, तहानही कमी लागते, आणि त्यामुळे हा तोटा ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट इंधन. स्नायूंमध्ये व यकृतात ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा साठा असतो. काही तासांच्या जोरकस श्रमाने तो आटतो. तो पुन्हा भरण्यास पिष्टमय व गोड पदार्थ लागतात. श्रम संपल्यावर पहिल्या काही तासांत हा साठा सर्वांत वेगाने भरतो.

तिसरी गोष्ट स्नायूंची झीज. स्नायू ताणलेल्या स्थितीत भार पेलतो, त्या वेळी त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. उतारावरून ओझे घेऊन उतरणे किंवा वाकून पुन्हा पुन्हा उठणे ही अशी कामे होत. या इजेची ठणक लगेच न जाणवता २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते. वर्षभर हे काम न केलेल्यास ती अधिक होते. तेच काम काही दिवस केल्यावर स्नायू सरावतात आणि ठणक कमी होते. यास्तव लावणीच्या पहिल्या दिवशीच पूर्ण जोराने काम करण्याऐवजी दोन-तीन दिवस काम थोडे थोडे वाढवीत नेणे, हा शीण टाळण्याचा बिनखर्ची उपाय आहे. उन्हाचा सराव होण्यासही शरीराला एक ते दोन आठवडे लागतात.

फळांविषयी झालेले प्रयोग

जड व्यायामानंतर फळांचा काय उपयोग होतो, यावर परदेशांत लांब पल्ल्याचे धावपटू व सायकलपटू यांच्यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. त्यांतील काहींची माहिती येथे देणे उपयुक्त होईल.

आंबट चेरी हे थंड प्रदेशातील गडद तांबडे फळ होय. लंडन येथील मॅरेथॉन शर्यतीत, म्हणजे ४२ किलोमीटरहून अधिक अंतर धावणाऱ्या २० धावपटूंवर केलेला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींना शर्यतीपूर्वी पाच दिवस, शर्यतीच्या दिवशी आणि नंतर दोन दिवस चेरीचा रस दिला, व काहींना तशाच चवीचे दुसरे पेय दिले. रस घेणाऱ्यांच्या पायांची शक्ती लवकर पूर्ववत झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या एका टप्पा शर्यतीतील ५४ धावपटू होते. सात दिवस आधीपासून चेरीचा रस घेणाऱ्यांना शर्यतीनंतर वेदना कमी झाल्या. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, रस शर्यतीच्या आधीपासून घेतला होता. अंग ठणकू लागल्यावर एक पेला रस घेऊन हा लाभ मिळतो असे या प्रयोगांनी दाखविलेले नाही.

स्पेनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात जोरकस व्यायामापूर्वी अर्धा लिटर कलिंगडाचा रस दिला असता दुसऱ्या दिवशीची ठणक कमी आढळली. कलिंगडात सिट्रुलिन नावाचे द्रव्य असते. ते शरीरात गेल्यावर रक्तवाहिन्या सैल करणारे द्रव्य तयार होण्यास मदत करते. भात काढल्यावर ओलाव्याच्या जमिनीत कलिंगड घेणारे शेतकरी कोकणात आहेत. उन्हाळी कामाच्या दिवसांत त्यांना हे फळ सहज लाभते.

केळ्यावरील प्रयोग तर अगदी साधा आहे. अमेरिकेतील ॲपलेशियन स्टेट विद्यापीठात १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटर सायकल चालविण्यास लावले. एकदा त्यांना दर पंधरा मिनिटांनी केळे दिले आणि एकदा बाजारी साखरपेय दिले. दोन्ही वेळी त्यांची कामगिरी सारखीच झाली. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. परसातील केळे बाटलीतल्या पेयाच्या तोडीस उतरले, एवढा बोध यातून घेण्यास हरकत नाही.

कोकम : खरे गुण व खोट्या आशा

चेरीला तांबडा रंग देणाऱ्या द्रव्यांस अँथोसायनिन म्हणतात. रातांब्याच्या सालीचा गडद रंगही याच कुळातील द्रव्यांचा असून जांभूळ व करवंद यांतही अशी द्रव्ये असतात. तथापि चेरीने जे घडले ते कोकमानेही घडेल, असे अनुमान काढणे योग्य होणार नाही. रंगद्रव्य एका कुळातले असले तरी त्याचे प्रमाण, त्याची जात आणि फळातील इतर घटक वेगवेगळे असतात. कोकमाचा मान राखण्यासाठी त्याला औषध ठरविण्याची गरज नाही.

कोकमाचा खरा उपयोग वेगळा व निश्चित आहे. त्याच्या आंबटपणामुळे तोंडाला रुची येते व माणूस पाणी अधिक पितो. मीठ घातलेले आगळ पाण्यात मिसळले असता घामावाटे गेलेले सोडियम परत मिळते. त्यात साखर घातली असता इंधनही मिळते. शीण घालविण्याच्या तीन गोष्टींपैकी दोन एका पेल्यात साधतात. शेतावरून परतलेल्या माणसाला कोकमाचे सरबत देण्याची रीत जुन्या माणसांनी अनुभवाने बसविली. तिचे कारण आज सांगता येते, इतकेच.

हे कारण स्पष्ट होण्यास १९७१ सालची एक घटना उपयोगी पडली. बांगला देशाच्या युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ व साखर यांचे पाणी तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली आणि असंख्य प्राण वाचविले. आतड्यात साखर व सोडियम ही जोडीने शोषली जातात आणि त्यांच्यामागून पाणीही आत ओढले जाते, हे या उपायाचे तत्त्व होय. श्रमाने पाणी गमावलेल्या शरीरासही हेच तत्त्व लागू पडते.

आता एका धोक्याची सूचना. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. केरळात कुडमपुळी म्हणून वापरल्या जाणाऱ्या, कोकमाच्याच वर्गातील फळातून हे आम्ल काढून ‘चरबी झडविणाऱ्या’ गोळ्या म्हणून ते जगभर विकले गेले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १३५ स्थूल व्यक्तींना बारा आठवडे अशा गोळ्या अगर नुसत्या बनावट गोळ्या दिल्या. वजन घटण्यात दोहोंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. हे आम्ल असलेल्या काही उत्पादनांच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदीही झाल्या आहेत. सोलकढीतील कोकम निराळे आणि अर्क काढून गोळीत कोंबलेले आम्ल निराळे, हा भेद गावोगाव सांगितला पाहिजे.

काजूचा बोंडू

बोंडूचे वजन बीच्या वजनाच्या कितीतरी पट असते. गोव्यात त्यापासून फेणी काढतात. सिंधुदुर्गात मात्र बी पिळून घेतल्यावर बोंडू बहुधा झाडाखालीच कुजतो. याच बोंडूच्या १०० ग्रॅम गरात २०० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या सुमारे चौपट. थायलंडमध्ये चार आठवडे बोंडूचा रस दिलेल्या तरुणांवरील प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात जोरकस व्यायामाच्या वेळी शरीर चरबीचा इंधन म्हणून अधिक वापर करू लागल्याचे आढळले.

कष्टकरी स्त्रियांच्या दृष्टीने ‘क’ जीवनसत्त्वाचे आणखी एक महत्त्व आहे. भाजीपाला, कडधान्ये व नाचणी यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणाबरोबर ‘क’ जीवनसत्त्वयुक्त फळ घेतल्यास ते अधिक शोषले जाते. रक्त कमी असलेल्या बाईला दम लवकर लागतो, आणि तिचा शीण केवळ विश्रांतीने जात नाही. तिने कुळथाच्या पिठीबरोबर पेरू, आवळा अगर बोंडू घ्यावा आणि आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घ्यावी.

बोंडूचा रस घशाला लागतो तो त्यातील टॅनिनमुळे. दर लिटर रसास सुमारे ५ ग्रॅम साबुदाणा थोड्या पाण्यात शिजवून त्याची खळ रसात ढवळावी व रस रात्रभर स्थिर ठेवावा. टॅनिन तळाशी बसते. वरचा निवळ रस अलगद काढून त्याचे सरबत करावे.

गोळ्या व भुकट्या

पोलीसभरती व सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली आज गावोगाव दिसतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धांसाठीही तरुण मेहनत घेतात. या तरुणांच्या हाती महागड्या भुकटीचे डबे व जीवनसत्त्वांच्या गोळ्या लवकर येतात. त्यासाठी आईबापांच्या मजुरीतील मोठा हिस्सा खर्च होतो.

२००९ साली जर्मन संशोधकांनी ३९ निरोगी तरुणांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार आठवड्यांच्या व्यायामाबरोबर काहींना रोज १,००० मिलिग्रॅम ‘क’ व ४०० एकक ‘ई’ जीवनसत्त्व गोळ्यांतून दिले. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात व्यायामाने जे हितकर बदल झाले, ते गोळ्या घेणाऱ्यांमध्ये दिसले नाहीत. व्यायामाने स्नायूवर जो थोडासा ताण येतो, तोच शरीराला बळकट होण्याचा इशारा देतो. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी तो इशाराच दबला जातो, असे याचे स्पष्टीकरण देतात. फळातून मिळणारी मात्रा इतकी मोठी नसते व तीबरोबर पाणी, साखर आणि पोटॅशियमही मिळते.

फळालाही मर्यादा आहेत. झिजलेला स्नायू भरून निघण्यास प्रथिने लागतात आणि ती फळात अत्यल्प असतात. त्यासाठी डाळ, कुळीथ, अंडे, दूध, मासळी यांची जोड हवी. उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर सुकी मासळी अगर कुळथाची पिठी आणि नंतर दोन केळी, हा कोकणी आहार श्रमानंतर अगदी योग्य होय. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्ट असते. पेजेतून पाणी व मीठही मिळते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम कमी असते. घाम फार गेला असल्यास त्याबरोबर खारट काही खावे.

घरी करावयाचे पेय

एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळावे. त्यात मीठ न लावलेली कोकमाची साले भिजवून त्यांचा कोळ रुचीप्रमाणे घालावा. आगळ वापरावयाचे असल्यास वेगळे मीठ घालू नये, कारण आगळात ते आधीच भरपूर असते. आगळ थोडे थोडे घालून चव पाहावी. पेय डोळ्यातील आसवांहून खारट लागता कामा नये. कामाच्या वेळी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर प्यावे. तासाला दीड लिटरहून अधिक पिऊ नये. नुसते पाणी अति प्याल्यानेही रक्तातील सोडियम घटून धोका संभवतो. लघवीचा रंग गडद पिवळा असल्यास पाणी कमी पडत आहे असे समजावे.

हे पेय श्रमासाठी आहे. हगवणीच्या रोग्यास आरोग्य केंद्रातील जलसंजीवनीच द्यावी. रक्तदाब असलेल्यांनी मिठाची, मधुमेह असलेल्यांनी साखरेची आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळे व केळे यांची मात्रा वैद्यकीय सल्ल्याने ठरवावी. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचे अंग फार तापले, तर त्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

आगोटीपूर्वी करावयाची कामे

रातांबे एप्रिलपासून पिकू लागतात. पाऊस सुरू झाल्यावर उतरविलेल्या फळांची साले वाळत नाहीत व बुरशी धरते. म्हणून पिकलेली फळे वेळेवर उतरवून निम्म्या फळांची आमसुले व निम्म्यांचे आगळ अगर साखरेतील कोकम करावे. आमसुलांसाठी साले मीठ मिसळलेल्या रसात बुडवून वाळविण्याची क्रिया चार-पाच वेळा करतात. आंबट रसासाठी तांब्या-पितळेची व ॲल्युमिनियमची भांडी वापरू नयेत. काचेची, चिनी मातीची अगर स्टेनलेस स्टीलची भांडी चांगली. बाटल्या अंधाऱ्या व थंड जागी ठेवाव्यात. उजेड व उष्णता यांमुळे रंगद्रव्य नाश पावते. बियांपासून निघणारे मुठेल भेगाळलेल्या हातापायांस लावण्यास उपयोगी पडते. आंब्याचे साठ व फणसपोळी यांत बहुतांश साखर असल्याने लावणीच्या मधल्या सुट्टीत तोंडात टाकण्यास त्या उत्तम.

नवीन लागवड करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, रातांब्यात नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांतील पुष्कळशी नर निघतात आणि ते कळेपर्यंत अनेक वर्षे वाया जातात. म्हणून मृदुकाष्ठ कलमेच लावावीत आणि परागीकरणासाठी त्यांत काही नर झाडे राखावीत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता व कोकण हातिस या जाती प्रसारित केल्या आहेत. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र जिल्ह्यातच असल्याने तेथे सल्ला घेणे सोयीचे आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकमास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महिला गटांनी विक्रीसाठी माल करावयाचा असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी अवश्य करावी. मात्र विक्रीच्या ओढीने घरची बरणी रिकामी राहू देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या आरंभी वाडीवाडीत एक प्रात्यक्षिक घडवून आणावे. त्यात मीठ-साखरेचे माप चमच्याने दाखवावे, बोंडूचा रस निवळून दाखवावा आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मुद्दाम बोलवावे. लावणी सुरू झाल्यावर बांधावर पेयाची कळशी ठेवली आहे की नाही, हे पाहावे. मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याने ही कळशी मजुरीइतकीच आपली जबाबदारी मानावी. झाडाखाली कुजणारे फळ बरणीत गेले, तर पावसाळ्यात त्याच झाडाच्या मालकाला आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्या हातांना ते बळ देईल.